नुसतं ३६० वजा करून नकाशा नीट होत नाही

"रेखांश १८० च्या वर गेला की ३६० वजा करा, झालं काम. तरी मधे पांढरी रेघ दिसली तर तिथला डेटा मिसिंग आहे. आणि भारतापुरतं काम असेल तर याचा विचारच करू नका." पायथनमधे हवामानाचे नकाशे काढायला शिकणाऱ्या मुलांना हा सल्ला सारखा फॉरवर्ड होतो, आणि तो चुकीचा आहे. (वजाबाकी कशाला, तर बऱ्याच फाइलमधे रेखांश ० ते ३६० असे असतात आणि नकाशावर उणे १८० ते १८०, म्हणजे पश्चिम उणे, असे हवे असतात.)

आधी ती रेघ. ईआरए५ या जगभराच्या हवामानाच्या डेटासेटचा पाव डिग्रीचा ग्रिड घ्या, ० ते ३५९.७५ असे १४४० कॉलम, डेटा पूर्ण आहे, पण कंटूरएफ (रंगीत पट्ट्यांचा नकाशा काढणारं फंक्शन) दोन बिंदूंच्या मधेच रंग भरतं आणि ३५९.७५ नंतर परत ० येतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ग्रिनिचवर फट पडते. विषुववृत्तावर ही साधारण २८ किमी, पण एनसीईपी या अमेरिकी हवामान संस्थेच्या अडीच डिग्रीच्या ग्रिडवर तीच २७८ किमी! बरं, हे फक्त दिसण्यापुरतं नाही. लंडन ३५९.८७ वर, घानाचं आक्रा ३५९.८१ वर, दोन्ही नेमकी या फटीत, एक्सअरे या पायथन लायब्ररीत तिथलं तापमान इंटरपोलेट करून (शेजारच्या बिंदूंवरून अंदाजून) मागा, नॅन म्हणजे रिकामी किंमत येईल. उपाय म्हणजे पहिला कॉलम ३६० म्हणून शेवटी परत जोडायचा, नकाशे काढणाऱ्या कार्टोपाय लायब्ररीचं ॲड सायक्लिक पॉइंट तेच करतं. फक्त सरासरी काढताना तो जोडलेला नको, नाहीतर एक कॉलम दोनदा मोजला जातो. पीकलरमेश या दुसऱ्या फंक्शनला याची गरज नाही, ते प्रत्येक बिंदूभोवती चौकोन रंगवतं.

आता वजाबाकी. ती फक्त लेबलं बदलते, कॉलम जागचे हलत नाहीत, त्यामुळे १८० नंतर एकदम उणे १७९.७५ येतो आणि कंटूर नकाशाभर आडवे फराटे ओढतो. सॉर्टबाय लावून कॉलम रेखांशाच्या क्रमाने लावलेच पाहिजेत. लावल्यावरही फट जात नाही, ती १८० वर सरकते, नकाशाच्या कडेला असते म्हणून दिसत नाही एवढंच.

आणि भारताचं म्हणाल तर ६८ ते ९७ पूर्व एवढाच तुकडा असेल तर ठीक आहे. पण मान्सूनचा अभ्यास करताना एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) लागतोच, आणि त्यासाठी बघितला जाणारा प्रशांत महासागरातला निनो ४ चा पट्टा १६० पूर्व ते १५० पश्चिम, म्हणजे बरोबर त्या सरकलेल्या फटीवर. उलट ० ते ३६० च्या फाइलमधे अटलांटिकसाठी उणे २० ते २० मागितलं तर ० ते २० एवढाच तुकडा मिळतो, एरर काहीच येत नाही. म्हणून कापल्यावर रेखांशाची पहिली आणि शेवटची किंमत प्रिंट करून बघाच.