पहिले काही आठवडे

क्षयावरचा लेख आवडला, पण ‘क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरताच पांढऱ्या पेशी त्याला मारतात’ हे वाक्य खटकलं. वायुकोशांतल्या मॅक्रोफेज पेशी जंतूला गिळतात हे खरं, पण गिळलं म्हणजे मेला असं नाही. ज्या पिशवीत तो अडकतो तिच्यात पाचक रस ओतले जाऊ नयेत अशी व्यवस्था तो स्वतःच करतो आणि आत सावकाश वाढत राहतो. त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण २० तास लागतात. लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे जिथे टी-पेशी (जंतूविरुद्ध लढणाऱ्या खास पांढऱ्या पेशी) सज्ज होतात तिथे, जंतूची वर्दी पोचायलाही उशीर होतो. उंदरांत त्याला आठवडाभराहून जास्त वेळ लागतो. टी-पेशी तयार होऊन फुप्फुसात येतात त्यानंतर.

ग्रॅन्युलोमाला, म्हणजे जंतूभोवती जमणाऱ्या पेशींच्या गाठीला, लेखात ‘तुरुंग’ म्हटलंय. संशोधक ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश या छोट्या माशांमध्ये, क्षयाच्या भाऊबंद जंतूवर केलेलं काम (२००९) वेगळंच सांगतं: मेलेल्या पेशी साफ करायला नव्या मॅक्रोफेज येतात आणि त्यांनाच लागण होते. म्हणजे सुरुवातीला तरी हा तुरुंग जंतूच्याच फायद्याचा!

हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण आईला क्षय निघाला तेव्हा आम्हा भावंडांची त्वचाचाचणी पहिल्याच आठवड्यात झाली, निगेटिव्ह आली आणि आम्ही निर्धास्त झालो. ही चाचणी टी-पेशींचा प्रतिसादच दाखवते, म्हणून लागणीनंतर ती पॉझिटिव्ह यायला २ ते ८ आठवडे लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी धाकट्या बहिणीची पॉझिटिव्ह आली. घरात रुग्ण असेल तर पहिल्या निगेटिव्हवर थांबू नका, पुन्हा तपासणी मागून घ्या.