महसीर ‘रेड लिस्टमधून बाहेर’? नाही!

“डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी लोणावळ्यात महसीरची हॅचरी काढली, मासा रेड लिस्टमधून बाहेर आला. आता हवी तेवढी पिल्लं काढा, कुठल्याही नदीत सोडा.” 2020 पासून महसीर या नदीतल्या मोठ्या माशाबद्दल हा मजकूर फिरतो आहे. हॅचरी म्हणजे अंडी फलवून पिल्लं काढण्याचं केंद्र, रेड लिस्ट म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणारी ‘आययूसीएन’ची जागतिक यादी. मत्स्यशास्त्रज्ञ कुलकर्णींचं काम मोठंच, बाकीचं तपासू.

‘बाहेर आला’: महसीरची एक जात, टॉर खुद्री, ‘एन्डेंजर्ड’मधून (धोक्यात) ‘लीस्ट कन्सर्न’मध्ये (सर्वांत कमी चिंता) गेली. हा वर्गही त्याच यादीतला. शिवाय ही गोष्ट एकट्या खुद्रीची. हिमालयातला महसीर, टॉर पुटिटोरा, अजून ‘एन्डेंजर्ड’च आहे.

‘हॅचरीवाले कुलकर्णी’: 1940 मध्ये त्यांनी निमखाऱ्या पाण्यातल्या, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या होराइक्थिस सेटनाई या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. या माशाच्या नराचा गुदपर (शेपटीआधीचा खालचा पर) बदलून शुक्रपुडी, म्हणजे शुक्राणूंची पुडी, मादीला चिकटवण्याचा अवयव झालेला असतो. इतक्या बारकाईने पाहणारा माणूस पुढे महसीरकडे वळला, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नसतं.

‘हवी तेवढी पिल्लं’: रोहूची मादी किलोमागे लाखावर अंडी देते, महसीरची काही हजारच. पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी कोरड्या ट्रेमध्ये घ्यायची, वर नराचं वीर्य, पिसाने हलकेच ढवळायचं आणि मगच पाणी. ट्रे आधीच ओला असला तर शुक्राणू अंड्यापर्यंत पोहोचण्याआधीच थकतात आणि अंड्याचं छिद्रही मिटतं. मेलेली अंडी पांढरी पडतात. ती रोज वेचली नाहीत तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. तीन-चार दिवसांनी पिल्लं निघतात, पण पोटातला बलक संपेपर्यंत उजेड टाळत कोपऱ्यात ढिगाने पडून राहतात. तिथे पाणी खेळतं नसेल तर गुदमरतात.

‘कुठल्याही नदीत’: सगळ्यात घातक वाक्य हेच. बाहेरून आणलेला खुद्री कावेरीत सोडला गेला. गळ टाकणाऱ्यांच्या 1998 ते 2012 च्या नोंदींत तो वाढताना दिसतो, तर तिथला मूळचा कुबडा महसीर घटताना. हा कुबडा टॉर रेमादेवीच, हे 2018 मध्ये ठरलं. आज तो ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ (अतिधोक्यात) आहे.

म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडण्याआधी विचारायचं: नर-माद्या याच नदीतल्या का? माशांच्या परांचे तुकडे घेऊन डीएनए तपासला का? नदीत वर, अंडी घालायच्या जागी, गोट्यांचा तळ शाबूत आहे, की वाळूउपशात गेला? पावसाळ्यात मासा तिथवर चढू शकतो, की मध्ये बंधारा आहे?