गिरणीत घरं झाली, गिरणीवाल्यांचं काय?

माझा पुतण्या नोकरीसाठी इंग्लंडात ब्रॅडफर्डला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं भाड्याची नवी जागा दाखवली. उंचच उंच छत, मधोमध बिडाचा खांब, भिंतभर खिडक्या. लिस्टर मिल्स. १८७३ साली बांधून झालेली रेशीम-मखमलीची गिरणी, २४९ फुटांची चिमणी. १९९२ला ती बंद पडली. पुढे भिंती आणि चिमणी राखून आत फ्लॅट केले.

"आत्या, आबांची गिरणी अशीच होती का गं?"

काय सांगणार? आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. आबा मुंबईत लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवायचे, त्यात कापसाची तूस. जत्रेला गावी आले तरी आबा रात्रभर खोकायचे. १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दीड वर्षानं आबा वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कुणी विचारलं की आबा सांगायचे, "संपावर हाय."

ब्रॅडफर्डच्या त्या गिरणीतही पगारकपातीवरून डिसेंबर १८९० ते एप्रिल १८९१ असा मोठा संप झाला होता. तिथलेही कामगार हरले. पण ज्या भिंतींआड ते राबले, त्या भिंती आजही उभ्या आहेत. आपल्याकडं उलटं झालं. मुंबईच्या १९९१च्या विकास नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: महापालिका, म्हाडा (सरकारी घरबांधणी संस्था), मालक. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची उरली. इमारतीखालची जमीन, इमारत पाडून मोकळी झाली तरी, वाटणीत धरायची नाही, ती सगळी मालकाची. मग चिमण्या कशाला टिकतील? २००६मध्ये सुप्रीम कोर्टानंही हा बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ला, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. आबांचा नंबर लागला नाही. पुढच्या सोडतीपर्यंत आबाच राहिले नाहीत.

जुन्या कारखान्यात घरं करायला माझा विरोध नाही, उलट पाडण्यापेक्षा ते शंभर पटीनं चांगलं. आपल्या कराडजवळचं ओगलेवाडीच बघा. प्रभाकर कंदील घरोघरी पोचवणारा काचकारखाना बंद पडला, गावाला नाव तेवढं राहिलं. अशा जागी उद्या कुणी घरं बांधणार असेल तर जरूर बांधावीत. पण परवानगी देण्याआधी तिथल्या कामगारांची यादी काढा. त्यांच्या वारसांना पहिली घरं द्या, तीही परवडतील अशा किमतीत. आणि यादीतलं एकेक नाव दारातल्या दगडावर कोरा.

पुतण्याला सांगून ठेवलंय, तुझ्या गिरणीत कुठं कामगारांची नावं लिहिलेली दिसली तर फोटो पाठव.