दीडशे पौंडांचं अंडं

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाच्या मागच्या अंगणात वस्तू साधारण ठरलेल्या क्रमाने येतात. आधी कुंडीतली तुळस, मग मेथी-कोथिंबिरीचा वाफा, मग गॅसची ग्रिल. पुढे गृहकर्जाचा हप्ता अंगवळणी पडला, की एके दिवशी ट्रकमधून उतरतं ते सिरॅमिकचं अंड्याच्या आकाराचं धूड, म्हणजे कोळशाची बंद चूल, कामाडो. गॅसवाला बटण फिरवतो आणि गप्पा मारायला मोकळा होतो. कामाडोवाला शनिवारी पहाटे पायजम्यात उकिडवा बसून, खालच्या झरोक्यापाशी डोकं नेऊन, हवा मोजत असतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी हरवलंय.

वस्तू मूळची जपानी, भात शिजवायच्या चुलीच्या घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे असलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती हौसेने घरी आणली आणि तिच्यात भात सोडून सगळं शिजवायला घेतलं. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ या नावाने कामाडोचं दुकान थाटलं. जुनी भांडी साध्या मातीची, ती तापून तापून तडकायची. पुढे टिकाऊ सिरॅमिक आलं आणि ही चूल अमेरिकन अंगणात कायमची बसली. बसली म्हणजे बसलीच, कारण अठरा इंची जाळीच्या अंड्याचं वजन दीडशे पौंडांच्या वर, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास जातं.

आकार जाळीच्या व्यासावरून ठरतो. आपल्याकडे कुणालाही जेवायला बोलावलं की पंचवीस माणसं होतात, त्यामुळे दुकानात मराठी नजर थेट चोवीस इंचीवर जाते. आवरा. चोवीस इंचीचं पोट भरायला कोळसा पोत्याने लागतो आणि एरवी आठवडाभर त्यात कोंबडीच्या दोन तंगड्या बागडतात. अठरा इंची घ्या, वर दुसरी जाळी चढवा, पंचवीस माणसं निभतात. दोघांचंच घर असेल तर तेरा किंवा पंधरा इंची पुरे. पत्र्याचे दुहेरी भिंतीचे कामाडोही मिळतात. ते हलके आणि स्वस्त असतात, चांगले चालतातही, पण त्यांना गंज चढतो.

दुकानात रंग बघू नका, झाकण बघा. झाकणाच्या आणि बुडाच्या कडेला नमद्याची पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. कुकरच्या रिंगचं जे काम, तेच हिचं. डॉलरची नोट कडेत ठेवून झाकण लावा आणि ओढून पाहा. असं चहूबाजूंनी करा. नोट जिथून सुळकन निघते तिथून हवाही सुळकन आत जाणार. सिरॅमिकवर बहुतेक कंपन्या आजन्म हमी देतात, पण ती पहिल्या मालकाला. मित्राचं अंडं निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून नाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरी आणल्यावर उचलण्याआधी आतले भाग बाहेर काढायचे: कोळशाची भट्टी, तिच्यावरचं कडं, जाळ्या, उष्णता अडवायची जाड तबकडी. बाजूच्या फळ्यांना धरून उचलू नका, त्या ताटं ठेवायला आहेत. चाकांच्या स्टँडवर असेल तर ओढत न्यायचं, ढकलायचं नाही. चाक फरशीच्या फटीत अडकलं की अंडं तोंडावर आपटतं, आणि फुटलेल्या अंड्याचं काय करायचं ते इथे कुणालाच माहीत नाही. लाकडी टेबलात बसवणार असाल तर खाली पाय किंवा जाड फरशी हवीच. गॅरेजमध्ये, अगदी दार उघडं ठेवूनसुद्धा, पेटवायचं नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अपार्टमेंटवाल्यांनी आधी नियम वाचावेत. पुष्कळ ठिकाणी जळाऊ बांधकामापासून दहा फुटांच्या आत कोळसा पेटवायला मनाई असते, आणि दहा फुटांची बाल्कनी आपल्यापैकी कुणाकडे आहे?

आता कोळसा. विटकुऱ्यांसारखे एकसारखे दाबलेले ब्रिकेट इथे नकोत. त्यांची राख फार होते, ती खालची भोकं बुजवते आणि रात्री दोन वाजता आच बसते. हवा तो लम्प, म्हणजे लाकडाचा ओबडधोबड खरा कोळसा. मोठे तुकडे खाली, बारीक वर, आणि भट्टी काठापर्यंत भरायची. इथे घरातून हमखास आवाज येतो, “चार वांग्यांना एवढा कोळसा?” प्रश्न काटकसरीचा आहे, पण इथे लागू नाही. कोळसा किती जळेल ते हवा ठरवते, तुम्ही किती भरलात ते नाही. काम झाल्यावर वरचा आणि खालचा झरोका बंद केला की आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. फक्त पेटवण्याआधी तो ढवळून राख खाली पाडायची.

रॉकेलच्या जातीचं कुठलंही द्रव ओतायचं नाही. सिरॅमिक ते पिऊन बसतं आणि पुढचे कित्येक पदार्थ पेट्रोल पंपावर शिजल्यासारखे लागतात. मेणाचा खडा किंवा खाण्याच्या तेलात बुडवलेला कागद पुरतो. मंद आचेसाठी एकाच जागी पेटवा, तिखट आचेसाठी तीन जागी. सुरुवातीला पांढरा, दाट, डोळे चुरचुरवणारा धूर येतो. त्या धुरात ठेवलेलं मटण कडू होतं. वीसेक मिनिटं थांबा. धूर पातळ, निळसर, जवळजवळ दिसेनासा झाला की ठेवा.

आणि मग सुरू होतो तपमानाचा जाच. सिरॅमिकच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून थोड्याशा हवेवर ही भट्टी दहा-बारा तास सहज चालते. आणि आतून हवा कमी फिरते म्हणून मांस कोरडं पडत नाही. सगळं कौतुक त्या भिंतींचं आहे आणि सगळा मनस्तापही त्यांचाच. २५० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२० सेल्सियस, हवं असेल तर झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा २२५ला येण्याआधीच झरोके आवळायला लागायचं. खाली अर्ध्या इंचापेक्षा कमी फट, वरच्या झाकणीच्या पाकळ्या अर्धवट. ३५०ला खाली इंच-दीड इंच. पिझ्झाला ६००च्या पुढे जायचं असेल तर दोन्ही सताड. प्रत्येक अंड्याचा स्वभाव निराळा, त्यामुळे आपल्या फटी आपणच ओळखायच्या.

अधीर माणूस काय करतो? दोन्ही झरोके उघडे टाकून चहा प्यायला आत जातो. परत येतो तोवर काटा ४००वर. तो घाबरून सगळं बंद करतो, पण भिंती तापल्या त्या तापल्या. खाली यायला तासाच्या वर लागतो. तेवढ्यात आग विझत आली असं वाटून तो पुन्हा उघडतो. हा झोका संध्याकाळपर्यंत चालतो. उपाय एकच: झरोका केसभर हलवा आणि पंधरा मिनिटं हात खिशात ठेवा. झाकणावरच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास नको. तो उकळत्या पाण्यात धरून २१२ दाखवतो का बघा. उंचावरच्या गावात पाणीच आधी उकळतं, तेवढी सूट त्याला द्या. नाही दाखवला तर मागचा नट फिरवून जुळवा.

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईंचा या खेळात मोठा अधिकार असतो. त्यांनी शेगडी हाताळलेली असते आणि म्हणून त्यांना यातलं अर्धं बरोबर कळतं. निखारा राखेखाली झाकून धरायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. पण काटा जरा ढिम्म दिसला की सुपाने नाहीतर वर्तमानपत्राने वारा घालायचा हात शिवशिवतो, आणि तिथेच घात होतो. शेगडी उघडी, तिची ऊब निम्मी वाऱ्यावर जाते, तिला वारा लागतो. अंडं बंद, त्याला घातलेला प्रत्येक वारा भिंतीत जमा होतो. हे आईंना समजावताना आवाज जपून ठेवावा. कोळशाचा काळा हात घेऊन वाद जिंकता येत नाही.

पाहुण्यांचा प्रश्न याहून बिकट. “बघू तरी काय केलंय!” म्हणत झाकणाच्या मुठीकडे जाणारा एक हात प्रत्येक पार्टीत असतो. झाकण उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वेळ लागतो, इथपर्यंत ठीक. पण झरोके आवळून आग हवेला आसुसलेली असताना झाकण एकदम वर केलं, तर आत साठलेला न जळलेला धूर-वायू नव्या हवेसकट भपकन पेटतो. ज्वाला बाहेर येते आणि तिच्या वाटेत नेमक्या भुवया असतात. म्हणून आधी झाकण दोन इंच उचलायचं, पाच आकडे मोजायचे, मग हळूच पूर्ण उघडायचं. हातमोजा लांब घ्या, कोपरापर्यंतचा. आणि त्या हातवाल्या पाहुण्याला कांदे चिरायला बसवा.

पहिल्या काही वेळा ३५०च्या पुढे जाऊ नका. गॅस्केटचा गोंद नीट बसायचा असतो. तापलेल्या सिरॅमिकवर पाणी टाकायचं नाही, तडकतं. आतल्या भट्टीला बारीक चीर दिसली तर रडायचं कारण नाही, ती तशीच वर्षानुवर्षं काम करते.

आता पंचांग. अमेरिकेत ग्रिलचा हंगाम मे अखेरच्या मेमोरियल डेला सुरू होऊन सप्टेंबरातल्या लेबर डेला संपतो. त्यात श्रावण येऊन बसतो, मागोमाग गणपती, मग पितृपक्ष. म्हणजे एवढा खर्च करून खऱ्या अर्थाने हातात राहतो जून आणि गटारीपर्यंतचा जुलै. तेव्हा शाकाहारी कामाडो शिकून घ्यावाच लागतो, आणि खरं सांगायचं तर तिथेच तो सर्वात चोख चालतो. जाड वांग्याला तेलाचं बोट फिरवा, चार-पाच ठिकाणी टोचा (न टोचलेलं वांगं फुटतं), आणि जाळी काढून थेट निखाऱ्यावर ठेवा. वळवत वळवत पंधरा-वीस मिनिटं. साल कोळशासारखी आणि आत लोणी. गॅसवरच्या भरिताला हा वास येत नाही, कितीही शपथा घ्या. कणसं सालासकट ४००ला अर्धा तास, अधूनमधून फिरवून. दमाची बिर्याणी जाड लोखंडी भांड्यात, खाली तबकडी ठेवून, ३२५ला पाऊण तास. वरून निखारे ठेवायची गरज नाही, उष्णता चहूकडून येते.

बकऱ्याच्या रानेला, म्हणजे अख्ख्या मांडीला, मात्र पूर्ण दिवस द्या. दही, आलं-लसूण, काळा मसाला रात्रभर. तबकडी लावून २७५, खाली रस पडायला पसरट भांडं. ते तबकडीला टेकवू नका, फॉइलचे छोटे गोळे करून त्यांवर ठेवा, नाहीतर रस जळून धूर करतो. सफरचंदाच्या किंवा चेरीच्या लाकडाचे दोन-तीन कोरडे तुकडे कोळशात. आतलं तपमान १६०ला पोचलं की फॉइलमध्ये गुंडाळा आणि २०० होईपर्यंत परत ठेवा. पाच-सहा तास धरा, पण शेवट घड्याळाने नाही, सळईने ठरवायचा. सळई लोण्यात जावी तशी गेली पाहिजे.

आता अडचण अशी की रान पाचला तयार होते आणि “सहाला पोचतोच” म्हणणारे पावणेआठला येतात. त्यावर उपाय बर्फाचा कूलर. बर्फ न घालता आधी त्यात गरम पाणी ओतून तो ऊबवा, पाणी काढून टाका, तळाशी जुना टॉवेल, त्यावर फॉइलमधली रान, वर दुसरा टॉवेल, झाकण घट्ट. तीन-चार तास सहज तग धरते. थर्मामीटरची सुई मांसात राहू द्या. आकडा १४०च्या खाली जायला लागला तर उशिरा आलेल्यांची वाट न बघता वाढायला घ्या. आणि कूलरवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, “यात बीअर नाही”.