मी येथे थांबत आहे

मागच्या रविवारी पुतण्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, बायका कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या आणि पुरुषमंडळींनी नेहमीप्रमाणे कोर्ट भरवलं होतं. शेजारच्या गावच्या एका मारामारीत हायकोर्टाने शिक्षा कमी केली, हा विषय. पुतण्याने वांगं उलटवता उलटवता निकाल देऊन टाकला, "वरना कोर्टमा शिक्षा उतरसच, आत्या. रेट ठरेल शे." म्हणजे वरच्या कोर्टात शिक्षा उतरतेच, दर ठरलेला आहे.

सगळे हसले. मग म्हणाला, तू तर जन्मभर कोर्टात होतीस, तूच सांग. धुरात डोळे चोळत काय सांगणार! म्हटलं, लिहून सांगते. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

मी वकील नाही. खान्देशातल्या कोर्टांत २९ वर्षं स्टेनो होते, आधी तालुक्याला मॅजिस्ट्रेटसमोर, नंतर सेशन्सला, म्हणजे त्याच्या वरच्या सत्र न्यायालयात. निकालपत्रातलं एक वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की झोपेतही बोटं चालतील : "शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकण्यासाठी मी येथे थांबत आहे." आरोपी दोषी ठरला की साहेब हे वाक्य सांगायचे आणि खरंच थांबायचे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही सोय आणली. आधी गुन्हा शाबीत करा, मग शिक्षा किती यावर वेगळं ऐका. ही नुसती औपचारिकता नाही, आरोपीला त्याची परिस्थिती मांडायची, त्यासाठी पुरावासुद्धा द्यायची संधी आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच संता सिंग यांच्या खटल्यात सांगितलं.

प्रत्यक्षात तो थांबा किती असायचा? मी कार्बन बदलून नवा कागद चढवेपर्यंत. आरोपीचा वकील उठून म्हणायचा, घरात एकटा कमावता आहे, म्हातारे आईबाप आहेत, लहान मुलं आहेत, पहिलाच गुन्हा आहे. सरकारी वकील म्हणायचे, कायद्यात असेल तेवढी जास्तीत जास्त द्या. मग "दोन्ही बाजूंचा विचार करता खालील शिक्षा न्यायोचित वाटते", आणि हुकूम. कॉम्प्युटर आल्यावर तर मी हा परिच्छेद सेव्हच करून ठेवला होता. एकदा लग्न न झालेल्या पोराला त्यात बायको आणि दोन मुलं मिळाली होती. सहीच्या आधी माझ्या लक्षात आलं म्हणून बरं.

आरोपी स्वतः काय बोलायचे, ते मात्र त्या परिच्छेदात कधी बसलं नाही. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का, तर एक म्हातारा म्हणाला, "म्हैस दोहायची राहिलीय साहेब, घरी कोणी नाही." मी टाइप केलं : आरोपीने दयेची याचना केली.

आता वरच्या कोर्टाकडे या. अपिलात साहेबांपुढे माणूस नसतो, कागद असतो. खाली शिक्षा का दिली याचं कारण त्या कागदात नसेल तर वरचा जज धरणार काय? नियम तसा जुना आणि साधा आहे. आम्ही असतो तर वेगळी शिक्षा दिली असती, एवढ्यावरून वरच्या कोर्टाने हात घालायचा नसतो. शिक्षा उघडच अतिजास्त किंवा अतिकमी असेल, किंवा देताना तत्त्वच चुकलं असेल, तरच घालायचा. १९५५ च्या बेद राज खटल्यात सेशन्सने ३ वर्षं दिली होती, हायकोर्टाने १० केली, सुप्रीम कोर्टाने पुन्हा ३ वर आणली. वाढवायची तर फार भक्कम कारण हवं आणि ते निकालात दिसायला हवं, असं बजावलं. म्हणजे "उतरसच" हेही खरं नाही आणि "अपील केलं तर वाढवून देतील" ही दुसरी भीती, तीही खरी नाही. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारने वेगळं अपील करावं लागतं, किंवा हायकोर्टाने रिव्हिजनमध्ये, म्हणजे निकालाच्या फेरतपासणीत, आरोपीला नोटीस देऊन, त्याचं ऐकून घेऊन वाढवायची.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवते. ३ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आणि माणूस आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करेपर्यंत तेच कोर्ट सहसा जामीन देतं. संध्याकाळी तो पारावर दिसला की गाव म्हणतं, सुटला. तो सुटलेला नसतो. अपील लागेपर्यंत शिक्षा थांबलेली असते, एवढंच.

आता जे मला खरोखर खुपतं ते. आमच्या गावाजवळचंच प्रकरण, तपशील थोडे बदलून सांगते. रात्रीच्या लाईटीत पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, एकाने विळा चालवला, दुसऱ्याची दोन बोटं गेली. जुन्या दंड संहितेचं कलम ३२६, घातक हत्याराने जबर दुखापत. मॅजिस्ट्रेटने २ वर्षं दिली. शिक्षेचा परिच्छेद चार ओळींचा, माझ्याच साच्यातला. अपील सात वर्षं पडून राहिलं. ऐकायला निघालं तेव्हा मी सेशन्सलाच होते. साहेबांनी विचारलं, "खाली कारण काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. ते गप्प झाले. दोष कायम ठेवला आणि शिक्षा भोगली तेवढी. ती होती २३ दिवस, अटकेतली. वर ४० हजार नुकसानभरपाई. गाव म्हणालं, पैसे खाल्ले. कोणी काही खाल्लं नव्हतं. खाली कारण नव्हतं, वर सात वर्षं गेली होती, आरोपीच्या केसांत पांढरं आलं होतं. तरीही ती शिक्षा फार कमी होती, असं मला त्या दिवशीही वाटलं आणि आजही वाटतं.

सुप्रीम कोर्टालाही असंच वाटतं, हे निवृत्तीनंतर वाचलं. राजस्थानचा बनवारी लाल खटला आहे. खुनाच्या प्रयत्नाबद्दल खाली ३ वर्षं झाली. हायकोर्टाने खटला जुना झाला म्हणून भोगलेले ४४ दिवस पुरे म्हटलं. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तो हुकूम रद्द करून ३ वर्षं परत दिली. अपील रेंगाळलं हे शिक्षा उतरवायला एकटं कारण पुरत नाही. आपल्याकडे मुंबईत २००६ मध्ये कार्टर रोडवर गाडीखाली सात मजूर गेले. खाली ६ महिने झाले, हायकोर्टाने कलम वाढवून ३ वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये तीच कायम ठेवली. पुतण्या, बघ, वर शिक्षा चढतेसुद्धा.

आणि पुष्कळदा जी शिक्षा उतरली म्हणतात, ती उतरलेली नसते, कलम बदललेलं असतं. २०१३ चा महाराष्ट्रातलाच निकाल घ्या. शेतातून जाताना कुत्रं भुंकलं म्हणून एकाने त्याला लोखंडी पाईप मारला. कुत्र्याचा मालक बोलला, शब्दाला शब्द वाढला, तोच पाईप मालकाच्या डोक्यात एकदा बसला, दोन दिवसांनी माणूस गेला. खाली खून, जन्मठेप. हायकोर्टातही तेच. सुप्रीम कोर्टाने पाहिलं, आधीचं वैर नाही, बेत नाही, घाव एकच. खुनाच्या कलम ३०२ ऐवजी ३०४ चा दुसरा भाग, म्हणजे खुनाहून हलका सदोष मनुष्यवध, लावला, ५ वर्षं. आपल्या शिवारातल्या निम्म्या भांडणांचं चित्र हेच आहे. मात्र त्या निकालाचा मोठा भाग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मृताच्या घरच्यांना भरपाई द्यायची की नाही याचा विचार प्रत्येक फौजदारी कोर्टाने केलाच पाहिजे आणि नाही दिली तरी कारण लिहिलं पाहिजे, असं त्यात आहे. मी नोकरीत होते तेव्हा हा निकाल साहेबांच्या टेबलावर आला होता. माझ्या साच्यात तेवढी एक ओळ वाढली, दुसरं काही नाही.

फाशीच्या खटल्यात तरी थांबा लांबतो का? आता थोडा लांबतोय. फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देताच येत नाही आणि १९८० पासून "विरळातला विरळ" ही कसोटी आहे, म्हणजे अगदी अपवादात्मक खटल्यातच फाशी. तरीही नाशिकच्या २००३ च्या खटल्यात सहा जणांना खाली फाशी झाली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली, आणि त्याच सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सोडले. चारही वेळा कागद तेच होते. हे वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते, घरच्यांना विचारा. २०२२ मध्ये मनोज खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीची वेळ आली तर आरोपीचं घर, बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांची माहिती खालच्याच कोर्टात मागवा. चांगलं झालं. पण २ वर्षं, ५ वर्षं, १० वर्षं, जिथे आपली माणसं प्रत्यक्ष जातात, तिथे अजून कार्बन बदलण्याइतकाच थांबा आहे. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मळिमठ समितीने २००३ मध्येच शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं करा म्हटलं होतं. जुन्या दंड संहितेच्या जागी नवी संहिता १ जुलै २०२४ ला आली, कलमांचे आकडे बदलले, तत्त्वं काही आली नाहीत.

बोटं गेलेला तो माणूसही भरीत पार्टीला होता. उरलेल्या तीन बोटांनी पुरी मोडत ऐकत होता. म्हणाला, "ताई, मग शिक्षा कमी पडली तर मी काय करायला पाहिजे होतं?" मी सांगितलं, शिक्षा कमी म्हणून फिर्यादीला स्वतः अपील करता येत नाही. २००९ ला अपिलाचा हक्क मिळाला तो आरोपी सुटला, हलक्या कलमात गेला किंवा भरपाई अपुरी पडली तर. शिक्षा वाढवण्याच्या अपिलासाठी सरकारकडेच जावं लागतं. सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्यायचा, निकालाची नक्कल जोडायची, मुदतीच्या आत.

"तेव्हा का नाही सांगितलं?"

तेव्हा मी नोकरीत होते, आणि तो निकाल मीच टाइप केला होता. त्याला एवढंच म्हणाले, भरीत गार होतंय.