टॉवरमध्ये जा, फक्त खाली उतरू नका

तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल तर आधी अभिनंदन! ठाण्याच्या नौपाड्यातली ती बिनलिफ्टची, गळक्या गच्चीची, तीन मजली म्हातारी आता जमीनदोस्त होणार आणि तिच्या जागी २२ मजले उभे राहणार. एकदम इतकं वर गेलं की माणसाला गरगरतं, म्हणून शेजारधर्म समजून चार गोष्टी सांगतो. मी अजून जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावरच राहतो, त्यामुळे मला खालचं जरा जास्त दिसतं.

सुरुवात नावापासून करा. 'गुरुकृपा', 'श्रमसाफल्य' असली नावं तीन मजल्यांनाच पेलतात. बावीस मजल्यांना स्पेलिंग विचारावं लागेल असं नाव हवं. आजीला ते रिक्षावाल्याला सांगता आलं नाही तरी बिघडत नाही, ती पूर्वीसारखंच 'मल्हार टॉकीजच्या मागे' म्हणेल आणि रिक्षा बरोबर पोचेल. ठाण्यात जागा जाते, नाव राहतं. 'नितीन कंपनी'च्या स्टॉपला उतरणाऱ्यांपैकी किती जणांनी कंपनी पाहिली आहे?

येऊरच्या डोंगराचं दर्शन आता मोफत घेऊ नका. आमच्या गच्चीवरून कुरडया वाळत घालताना तो फुकट दिसायचा, ही मोठीच चूक होती. आता तोच डोंगर ब्रोशरमध्ये 'हिल व्ह्यू' म्हणून आहे आणि प्रत्येक मजल्यागणिक त्याचा दर वाढतो. आमच्या वाट्याला तुमच्या पोडियमची, म्हणजे टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांची, पाठ आली आहे. तिला अजून दर लागलेला नाही.

पाण्याची चिंता करू नका. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या या गावाला स्वतःचं एकही धरण नाही. पाणी भातसा धरणाचं, उल्हास नदीचं, थोडं एमआयडीसीचं, थोडं मुंबई महापालिकेच्या मेहेरबानीचं. पण तुमच्याकडे जमिनीखाली मोठी टाकी असणार आणि टाकीशेजारी टँकर. पाणीपुरवठ्याच्या शटडाउनच्या दिवशी तो टँकर पहाटे पाचला रिव्हर्सचं संगीत वाजवत आला की उठून बसा, सूर्यनमस्कार घाला.

पार्किंग दोन घ्याच, तिसरी गाडी गल्लीत लावता येते.

आता गल्लीचं. इथे जरा थांबतो. २०२० साली बांधकामाची नवी एकत्रित नियमावली आली. रस्ता जितका रुंद, तितका एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते) जास्त, टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) जास्त, असा तिचा सरळ हिशेब आहे. कागदावर अगदी शहाणपणाचा! त्यामुळे आमच्या भागात '९ मीटर' हा आकडा गुरुमंत्रासारखा जपला जातो. आमची गल्ली प्रत्यक्षात साडेपाच मीटर आहे, मी टेप लावून मोजली आहे. मग नऊ कुठून येतात? जी बिल्डिंग पडते ती आपल्या पुढ्यातली पट्टी रस्त्याला सोडते, म्हणून तिच्यापुरता रस्ता रुंद होतो. शेजारची जुनी बिल्डिंग आली की पुन्हा साडेपाच. अजगराने बोकड गिळावा तशी मध्येच फुगलेली ही गल्ली पुढे तोंडाशी निमुळती ती निमुळतीच. बरं, त्या फुगवट्यात काय होतं? एका ठिकाणी वॉचमनची केबिन, दुसरीकडे दुकानाची पायरी, कुंड्या, आणि उरलेल्या जागेत ती तुमची तिसरी गाडी. रुंद झालेला मीटर अन् मीटर आम्ही ठाणेकर एका आठवड्यात गिळून दाखवतो. पूर्वी त्या प्लॉटवर बारा बिऱ्हाडं होती, आता ऐंशी येणार. ऐंशी बिऱ्हाडांचं सांडपाणी बारांच्या पायपातून, ऐंशी घरांची ऑनलाइन पार्सलं बारांच्या फाटकातून. आग लागली तर बंब कुठून येणार, हे कुणी विचारू नये. विचारलं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक त्या माणसाकडे 'याचा बिल्डरकडून हिस्सा राहिला वाटतं' अशा नजरेने बघतात. माझ्याकडे बघितलं आहे.

मागच्या गुरुवारचंच सांगतो. आमच्या घरच्या अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वेळ साडेनऊची. वय ८१. रिक्षा बोलावली, तर ती गल्लीच्या तोंडाशी उभी. कारण समोरच्या बांधकामाचा स्लॅब ओतला जात होता आणि काँक्रीटचा मिक्सर उलटा आत घुसून आडवा अडकला होता. एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या, दुसऱ्या बाजूला पत्रे. मागे दुसरा मिक्सर घरघरत उभा. अवजड वाहनांना सकाळी बंदी असल्याची पाटी अगदी त्याच्या आरशाला टेकली होती. मी सुपरवायझरला म्हटलं, दहा मिनिटं बाहेर घ्या, पेशंट आहे. तो अजिबात उर्मट नव्हता. हात जोडून म्हणाला, "साहेब, काँक्रीट सेट होईल ना." खरं आहे त्याचं. सिमेंटात पाणी पडलं की दोनेक तासांत माल ओतावाच लागतो, नाहीतर अख्खी गाडी फुकट. काँक्रीटला घाई असते. अप्पांना कसली घाई, त्यांचा मोतीबिंदू चार वर्षं पिकतोय.

शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना न्यायचं ठरलं. पुढून मी, मागून आमचा वॉचमन. मिक्सर आणि भिंत यांच्यामध्ये खुर्ची आडवी मावेना, म्हणून तिरकी केली. अप्पा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून म्हणाले, "विसर्जनाला नेताय काय रे मला?" पत्र्यापलीकडचे कामगारसुद्धा हसले. मीही हसलो. गोखले रोडला पोचेपर्यंत सव्वादहा वाजले होते आणि ऑपरेशनचा नंबर पुढच्या सोमवारवर गेला.

आता सल्ले पुरे झाले.

उंच बिल्डिंगांना माझा विरोध नाही, उगाच गैरसमज नको. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच येऊन थांबली, आणि स्टेशनपासून दहा मिनिटांवर जास्त माणसांनी राहावं यात शहाणपणच आहे. सगळ्यांनी घोडबंदरला ओवळा-कासारवडवलीपर्यंत जायचं आणि रोज माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा जन्म घालवायचा, हे काय बरं आहे? सत्तरीतल्या त्या इमारतींचे पिलर कुजलेत, म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत. पाडायलाच हव्यात. पण स्टेशनला चालत जाता येतं म्हणून जादा पैसे मोजून घर घ्यायचं आणि मग त्याच घराला दोन-दोन गाड्या जोडायच्या? लाज वाटत नाही?

आणि सगळं खापर बिल्डरवर फोडू नका. महापालिकेवर तर फोडूच, ते आपलं रोजचंच आहे. पण सह्या कुणी केल्या? आमच्याही सोसायटीत रिडेव्हलपमेंटची तिसरी मीटिंग झाली. दोन तास चालली. कार्पेट (घरातली वापराची जागा) किती टक्के जास्त, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिन्यांचं, लिफ्ट कुठल्या कंपनीची, देवघराची दिशा कुठली, सगळं विचारून झालं. गल्लीबद्दल एकानेही विचारलं नाही. एकदा त्या नजरा झेलल्यावर मीही नाही. टेप लावून गल्ली मोजणारा मी त्या मीटिंगमध्ये उठून पहिला प्रश्न काय विचारला? "कार्पेट पस्तीस टक्के वाढवून मिळेल का?" घरी आल्यावर बायकोनेच विचारलं, अप्पांना न्यायला त्या वेळी गाडी कुठून येणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गल्लीत गाडी लावणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलतोय. पत्र्याला खेटून उभी असलेली ती पांढरी गाडी तीन आठवडे हललेली नाही, तिच्या काचेवर पोरांनी बोटाने नावं लिहिली आहेत. ती नसती तर मिक्सर सरळ गेला असता. सोसायटीत जागा असताना केवळ स्टॅक पार्किंगमधून, म्हणजे एकावर एक रचलेल्या गाड्यांतून, गाडी काढायला पाच मिनिटं लागतात म्हणून रस्त्यावर लावता, मला माहीत आहे. सोमवारी पुन्हा साडेनऊची वेळ मिळाली आहे, आणि सुपरवायझरने सांगितलंय की पुढचा स्लॅबही सोमवारीच. रविवारी रात्री गाड्या काढा.