‘प्रायमर म्हणजे बिल वाढवायचा धंदा’ हे साफ खोटं आहे

बेळगाव-निपाणीकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: “पोचा काढला, पुट्टी भरली, पाणी मारून गुळगुळीत घासलं की थेट रंग मारा. प्रायमर म्हणजे गॅरेजवाल्यांचा बिल वाढवायचा धंदा. गंज असला तर पुट्टीखाली आपोआप मरतो.” लोक हे वाचून मिस्त्रीशी भांडायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थर. पुट्टी कितीही घासली तरी तिला बारीक छिद्रं राहतात. ती रंग पिते, शेजारचा जुना रंग पीत नाही. गाडी ताजी असताना काही कळत नाही, पण काही दिवसांनी उन्हात तिरकं बघितलं की पुट्टीची कड नकाशासारखी वर आलेली दिसते. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 0.1 मिलिमीटर भरतात, त्यात नुसता रंग तर फारच पातळ. 180 नंबरच्या सँडपेपरचे (नंबर मोठा तसा पेपर बारीक) ओरखडे त्याने झाकले जात नाहीत, ते सर्फेसर प्रायमर, म्हणजे ओरखडे भरणारा जाड प्रायमर, भरून काढतो. शिवाय घासताना कडेला पत्रा उघडा पडतोच. तिथे इपॉक्सी प्रायमर, म्हणजे उघड्या पत्र्यावर मारायचा गंजरोधक प्रायमर, नसेल तर गंजाला अडवणारं काही नाही. प्रायमर वाचवून काम बिघडलं तर अख्खा दरवाजा पुन्हा उतरवून रंगवावा लागतो, तो खर्च मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

पाणी मारून घासायचा सल्ला सगळ्यात घातक, आणि आपल्याकडे तर जास्तच. पुट्टीत टाल्क (पावडरीत असते ती बारीक दगडी भुकटी) असतं, ते पाणी धरून ठेवतं. जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबीकडे हवा इतकी ओली असते की आत शिरलेलं पाणी सुकत नाही. वरून रंग बसला की ते अडकतं, खाली पत्रा गंजतो आणि वर फोड येतात. पुट्टी कोरडीच घासायची: आधी 80, मग 180, कडा मिसळायला 320. पाणी लावायचं ते दोन भागांच्या, म्हणजे हार्डनर घातलेल्या प्रायमरवर, तोही पूर्ण वाळल्यावर.

गंज पुट्टीखाली मरत नाही, झाकला जातो. चोर्ला घाटातून ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या दरवाज्याची खालची कड बघा. चिखलाने निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडतो. तिथे चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं, आरपार गेला असेल तर तुकडा कापून वेल्डिंग.

राहिला ‘गुळगुळीत’. हाताला गुळगुळीत लागलं म्हणजे पातळी सरळ झाली असं नाही. प्रायमर वाळला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि ब्लॉकला, म्हणजे सपाट ठोकळ्याला, 400 चा पेपर लावून घासायचं. उंचवट्यावरचं काळं आधी जातं, खोलगटात ठिपके राहतात. ठिपके दिसतात तिथे काम बाकी आहे. नुसत्या बोटांनी दाबून घासलं तर बोटांच्या नाल्या पडतात आणि त्या रंगाखालून दिसतात. शेवटचा हात 600 चा. त्याहून फार चोपडं केलं तर रंगाला पकड मिळत नाही.

गाडी टाकतानाच मिस्त्रीला सांगा की रंग मारायच्या आधी, प्रायमर घासून झाल्यावर मला बोलवा. चांगला मिस्त्री आनंदाने बोलावतो.